पिळलेलं अंडाशय आणि पाणी पाहणारं यंत्र

‘दोन्ही अंडाशयांत रक्तप्रवाह दिसतो.’ सोनोग्राफीच्या अहवालातलं हे एवढंसं वाक्य वाचून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पुष्कळदा डॉक्टरांचाही. पोटात कळ येऊन दवाखान्यात आणलेल्या मुलीला सलाईन लावलेलं असतं, वेदनाशामक इंजेक्शन देऊन झालेलं असतं, कळही जरा उतरलेली असते. मग ‘गॅस असेल’, ‘पाळी जवळ आली असेल’, ‘सकाळी बघू’ अशी बोलणी सुरू होतात. आणि तिकडे ओटीपोटात एका बाजूचं अंडाशय आपल्याच देठाभोवती पिळलं जाऊन तासागणिक सुजत असतं. डॉक्टर याला ओव्हेरियन टॉर्शन म्हणतात. साध्या मराठीत, अंडाशयाला पीळ पडणं.

या दुखण्यात रक्तप्रवाह दिसला म्हणजे अंडाशय सुखरूप आहे, असं मुळीच नाही. ही गोष्ट रेडिओलॉजीच्या पाठ्यपुस्तकांत कधीपासून लिहिलेली आहे. ती घराघरांत मात्र पोहोचलेली नाही. म्हणून आधी पीळ पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. एमआरआय इथे का उपयोगी पडतो, हे त्यातूनच कळेल.

वयात आलेल्या स्त्रीचं अंडाशय साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असतं. एका टोकाला एक बंध त्याला गर्भाशयाशी जोडतो, दुसऱ्या टोकाला दुसरा बंध ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीशी. दोन खांबांना बांधलेल्या झोळीसारखं ते मधोमध लोंबतं. या बंधांमधूनच त्याच्या रक्तवाहिन्या येतात. बाहेरच्या बंधातून येणारी धमनी थेट महाधमनीपासून निघालेली असते, तर आतल्या बाजूने गर्भाशयाच्या धमनीची एक शाखा येते. एकाच इंद्रियाला दोन बाजूंनी रक्त मिळतं, ही निसर्गाने केलेली मोठी सोय आहे. निदान करणाऱ्याला मात्र हीच सोय चकवते.

झोळीत ओझं वाढलं की ती उलटण्याची शक्यता वाढते. बहुतेक वेळा हे ओझं एखाद्या गाठीचं असतं. साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असली की धोका लक्षात घ्यावा लागतो. त्यात डर्मॉइड नावाची गाठ वरचेवर आढळते. तिच्यात चरबी, केस, कधी दातसुद्धा असतात. अपत्यप्राप्तीच्या उपचारात बीजं वाढवण्यासाठी जी इंजेक्शनं देतात, त्यांनी दोन्ही अंडाशयं फुगतात. तेव्हाही पीळ पडू शकतो. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतही. उजवी बाजू जास्त वेळा पिळली जाते, कारण डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा जागा अडवून बसलेला असतो आणि तिथल्या अंडाशयाला फिरायला तितकी मोकळीक मिळत नाही. याउलट एंडोमेट्रिऑसिस किंवा जुन्या जंतुसंसर्गामुळे अंडाशय आजूबाजूला चिकटलेलं असेल, तर ते सहसा फिरत नाही. लहान मुलींची गोष्ट वेगळी. त्यांचे बंध मानाने लांब असतात, त्यामुळे गाठ नसताना, अगदी निरोगी अंडाशयालाही पीळ पडतो.

आता पिळाच्या आत काय घडतं ते पाहा. शिरांच्या भिंती पातळ आणि त्यांतला दाब कमी. पीळ बसताच त्या चेपल्या जातात. लसवाहिन्यांचंही तेच. धमनीची भिंत जाड आणि दाब जास्त असल्यामुळे ती बराच काळ तग धरते. म्हणजे आत येणारं रक्त येतच राहतं, बाहेर जाण्याचा रस्ता बंद झालेला असतो. रक्तातला पाण्याचा अंश पेशींच्या मधल्या जागेत झिरपू लागतो. अंडाशय फुगतं आणि फुगल्यामुळे पीळ आणखी घट्ट बसतो. पुढे कधीतरी धमनीही हार मानते. मग आतल्या आत रक्तस्राव होतो आणि पेशी मरू लागतात. हा शेवट काही तासांत गाठला जाईल की दोन दिवसांत, याचं ठरलेलं गणित नाही. पीळ किती वेढ्यांचा आणि किती घट्ट आहे यावर ते असतं. कधी पीळ आपोआप सुटतो, कळ थांबते, आणि आठवड्याने पुन्हा पडतो. अशा रुग्णाला ‘दुखण्याचं सोंग करते’ असंही ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

या क्रमातली पहिली खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्त थांबणं नंतर येतं. त्याच्या आधी साचतं ते पाणी.

डॉपलर सोनोग्राफी नेमकी पाण्याकडे नव्हे, प्रवाहाकडे पाहते. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व तिच्या मुळाशी आहे. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, आणि त्या बदलावरून रक्तपेशी कोणत्या दिशेने, किती वेगाने धावताहेत हे यंत्र रंगांत दाखवतं. पिळाच्या पहिल्या टप्प्यात धमनी चालूच असते. एका बाजूची वाट अडली तरी दुसऱ्या बाजूने रक्त येत असतं. पीळ सैल असेल तर शीरही थोडीफार वाहत असते. त्यामुळे पडद्यावर लाल-निळे ठिपके उमटतात आणि अहवालात ते वाक्य येतं. शस्त्रक्रियेत टॉर्शन सिद्ध झालेल्या कितीतरी स्त्रियांच्या आधीच्या डॉपलरमध्ये प्रवाह दिसला होता, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात जागोजागी आहेत. प्रवाह अजिबात न दिसणं ही टॉर्शनची भक्कम खूण आहे. प्रवाह दिसणं ही मात्र टॉर्शन नसल्याची हमी होत नाही.

म्हणून सोनोग्राफी कुचकामी ठरते का? अजिबात नाही. पोटातल्या अशा दुखण्यात पहिली तपासणी सोनोग्राफीच, आणि तीच असावी. ती गावोगावी मिळते, वेळ थोडा घेते, किरणोत्सर्ग नसतो, गर्भाला धोका नसतो. अनुभवी डॉक्टर रंगांपेक्षा काळ्या-पांढऱ्या चित्राकडेच जास्त लक्ष देतात: एक अंडाशय दुसऱ्यापेक्षा फार मोठं आहे का, ते आपली जागा सोडून मध्यभागी आलंय का, बीजपुटिका (म्हणजे बीजं धरणाऱ्या इवल्या पिशव्या) कडेला ढकलल्या गेल्यात का, देठात भोवऱ्यासारखे वेढे दिसतात का. पण सोनोग्राफी तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. स्थूल रुग्णात, आतड्यांत वायू भरलेला असताना, किंवा कळेमुळे रुग्ण हातच लावू देत नसताना चित्र धूसर होतं. सर्वांत स्पष्ट दिसतं ते योनीमार्गे केलेल्या तपासणीत. आपल्याकडे अविवाहित मुलींत ती सहसा केली जात नाही. मूत्राशय भरून पोटावरूनच पाहावं लागतं, आणि कळवळणाऱ्या, ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीला ‘अजून दोन ग्लास पाणी पी’ म्हणणं किती कठीण असतं, ते त्या खोलीत उभ्या राहिलेल्या आईलाच विचारावं.

इथे एमआरआयची गरज भासते. त्याला चुंबकीय अनुनादाचं चित्रण म्हणा, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघंही एमआरआयच म्हणतात.

शरीरात पाणी भरपूर आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. या अणूंची केंद्रकं अतिसूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. एरवी त्यांची तोंडं कुठेही असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती एका दिशेने किंचित झुकतात. रुग्णालयांतलं नेहमीचं यंत्र दीड टेस्ला शक्तीचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या आसपास. या क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा गिरक्या घेतात. नेमक्या त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ती ऊर्जा घेतात, आणि लहरी थांबल्या की परत देतात. परत आलेला तो क्षीण संदेश टिपून चित्र तयार होतं. कोणता संदेश शरीराच्या कोणत्या ठिकाणाहून आला हे ओळखण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. दोघांना २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या विषयाला महत्त्वाची बाब ही की हायड्रोजनचा संदेश किती लवकर विझतो, ते तो अणू कशात आहे यावर ठरतं. घट्ट तंतुमय ऊतीत तो चटकन विझतो, मोकळ्या पाण्यात बराच वेळ टिकतो. डॉक्टर ज्याला ‘टी-टू’ चित्र म्हणतात, ते हा फरक उघड करतं. जिथे पाणी तिथे पांढरं, जिथे तंतू किंवा स्नायू तिथे काळपट. पिळाची पहिली खूण साचलेलं पाणी, आणि हे यंत्र पाणी टिपण्यात तरबेज. दोघांची गाठ पडणं साहजिकच होतं.

असं एक चित्र जवळून पाहू. ओटीपोटाचा आडवा छेद आहे. पुढच्या बाजूला मूत्राशय पांढराशुभ्र. त्यामागे गर्भाशय, राखाडी भिंतीचं, आत उजळ अस्तर. एका बाजूला निरोगी अंडाशय: छोटं, करडं, त्यात विखुरलेल्या काही पांढऱ्या बीजपुटिका. आता दुसऱ्या बाजूला या. तिथलं अंडाशय दुप्पट-तिप्पट मोठं दिसतं. त्याचा गाभा, जो एरवी काळपट असायला हवा, तो पाण्याने भरून उजळलेला आहे. गाभा फुगल्याने बीजपुटिका परिघावर रेटल्या गेल्या आहेत आणि कडेने ओळीने मांडल्यासारख्या दिसतात. रेडिओलॉजिस्ट त्याला ‘मोत्यांची माळ’ म्हणतात. अंडाशय आपली कोनाड्याची जागा सोडून गर्भाशयाच्या मागे किंवा वर सरकलेलं आहे. खुद्द गर्भाशय पिळाच्या बाजूला ओढलं गेलं आहे, कारण त्याला जोडणारा बंध वेढे पडून आखूड झाला आहे.

मग नजर शोधते तो देठ. गर्भाशय आणि अंडाशय यांच्यामध्ये चोचीसारखा निमुळता होत गेलेला एक जाडसर भाग दिसतो. त्याचा नेमका आडवा छेद मिळाला तर काळी आणि उजळ वलयं एकात एक दिसतात: रक्तवाहिन्या, सुजलेली ऊती, पुन्हा रक्तवाहिन्या. हा देठ दिसला की शंकेला फारशी जागा उरत नाही. अडचण एवढीच की तो दर वेळी दिसत नाही. छेद कोणत्या दिशेने घेतले, किती जाड घेतले, यावर ते असतं. म्हणून एकाच दिशेने चित्रं काढून थांबू नये. आडवे, उभे आणि समोरून असे तिन्ही दिशांचे छेद घेणारा तंत्रज्ञ आणि ते एकमेकांशी ताडून पाहणारा रेडिओलॉजिस्ट असेल, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

पाणी साचलंय एवढं कळलं; पण आत रक्तस्राव झालाय का? त्यासाठी ‘टी-वन’ प्रकारची चित्रं. साकळलेलं रक्त काही काळाने मेटहिमोग्लोबिन नावाच्या रूपात जातं आणि या चित्रांत ते उजळ दिसतं. पण चरबीही उजळच दिसते, आणि पिळाला कारण ठरणाऱ्या डर्मॉइड गाठीत तर चरबीच भरलेली असते. मग रक्त कोणतं, चरबी कोणती? यंत्राला सांगून चरबीचा संदेश तेवढा दाबता येतो. दाबल्यावर जे काळं पडलं ती चरबी, जे उजळच राहिलं ते रक्त. एका झटक्यात दोन प्रश्न सुटतात: गाठ डर्मॉइड आहे का, आणि अंडाशय इजेच्या कोणत्या टप्प्यावर पोहोचलंय. एमआरआयचं हे अंग मला सगळ्यांत देखणं वाटतं.

याखेरीज पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलू शकतात हे दाखवणारी ‘डिफ्यूजन’ चित्रं असतात. पेशी मरणाच्या दारात फुगल्या की रेणूंना हलायला वाव राहत नाही, आणि तो भाग चमकतो. ही खूण सावधपणे वाचावी लागते, कारण साकळलेलं रक्त, डर्मॉइडमधला मळ, कधीकधी निरोगी अंडाशयसुद्धा तसंच चमकतं. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन काढलेल्या चित्रांत अंडाशयाचा कोणता भाग अजून रक्त घेतो आणि कोणता घेत नाही, ते कळतं. पण पीळ आहे की नाही, या मूळ प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा साध्या टी-टू चित्रांतच मिळून जातं.

हुबेहूब फसवणारी दुखणीही आहेत. पीसीओएस असलेल्या मुलींच्या अंडाशयांतही कडेला बीजपुटिकांची ओळ दिसते. फरक हा की ती दोन्ही बाजूंना सारखी असते, आणि पीळ बहुधा एकाच बाजूला. अपत्यप्राप्तीच्या इंजेक्शनांनी दोन्ही अंडाशयं फुगतात, तेव्हा त्यांतल्या एकाला पीळ पडलाय का हे ओळखणं तज्ज्ञालाही जड जातं. गर्भाशयाला देठाने लटकलेला फायब्रॉइड पिळला तरी चित्र गोंधळात टाकतं. आणि कधी पीळ समजून तपासलेलं दुखणं अपेंडिक्सचं निघतं. हाही एमआरआयचा एक फायदाच, कारण तेही त्याच चित्रांत दिसतं.

आता भरवशाचा प्रश्न. आजवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर टॉर्शन असलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८० एमआरआय ओळखतो. चांगल्या सोनोग्राफीचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. फरक पडतो तो टॉर्शन नसलेल्यांना ‘नाही’ असं बरोबर सांगण्यात. तिथे एमआरआय ९० च्या आसपास, तर नुसती सोनोग्राफी ७५ च्या आसपास. म्हणजे विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रिया एमआरआय टाळू शकतो. पण सुटलेले सगळे रुग्ण तो पकडेल, असं मानू नये. हे अभ्यास संख्येने थोडे आणि लहान आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं. एमआरआयला सर्वज्ञ ठरवण्याचा उत्साह अलीकडे फार दिसतो. तो इथे धोक्याचा आहे.

मग एमआरआय कुणासाठी? माझ्या मते दोन प्रकारच्या रुग्णांसाठी त्याचं मोल सर्वांत जास्त आहे.

पहिली गरोदर स्त्री. पहिल्या तिमाहीत अंडाशयात कॉर्पस ल्युटियम नावाची गाठ असते. गर्भ टिकवणारं संप्रेरक तीच बनवते, आणि तीच अंडाशय जड करते. पुढे गर्भाशय वाढून ओटीपोटाबाहेर येऊ लागतं, अंडाशयं वर ओढली जातात आणि सोनोग्राफीत सापडेनाशी होतात. शिवाय अपेंडिक्सही आपली जागा सोडून वर सरकलेलं असतं. उलट्या गरोदरपणाच्या की दुखण्याच्या, तेही कळत नाही. अशा स्त्रीचा सीटी स्कॅन करायला कुणीही पटकन धजावत नाही, आणि नुसत्या संशयावर पोट उघडायलाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात गरोदर स्त्रीसाठी सोनोग्राफी आणि एमआरआय याच पसंतीच्या तपासण्या म्हटल्या आहेत. २०१६ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या मातांच्या बाळांना वाढीव धोका आढळला नाही. गॅडोलिनियम दिलेल्या मातांच्या बाबतीत मात्र काही धोके वाढलेले दिसले. म्हणून गरोदर स्त्रीला ते औषध न देता तपासणी करतात, आणि पिळाचा प्रश्न त्याशिवायही बहुधा सुटतो, हे तिचं नशीब.

दुसरी, न्हाण न आलेली किंवा नुकतीच आलेली मुलगी. तिला नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही, आईला पाळीचं दुखणं वाटतं, सर्जनला अपेंडिक्स. पोटावरून केलेली सोनोग्राफी अर्धवट राहते. तिच्यासमोर अख्खं आयुष्य आहे. एक अंडाशय गमावणं तिला परवडणारं नाही. यंत्राच्या आवाजाला ती घाबरते, हे खरं. चुंबकीय क्षेत्राचे चढउतार करणारी वेटोळी थरथरतात, त्याचा तो ठकठक आवाज असतो. कानात बोळे घालून, आईच्या अंगावर धातू नाही ना हे तपासून तिला आत जवळ बसवलं तर बहुतेक मुली शांत राहतात. हल्ली एका श्वासात किंवा काही सेकंदांत चित्र टिपणाऱ्या वेगवान पद्धती आहेत. त्या नेमक्या वापरल्या तर या एका प्रश्नापुरती तपासणी १५ मिनिटांच्या आत आटोपते. पाऊण तासाची संपूर्ण तपासणी इथे करायचं कारण नाही.

घाईच्या वेळी एक गोष्ट मात्र घाईत उरकू नये. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पैंजण, केसांतल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं बाहेर काढून ठेवावं. पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेतल्या क्लिपा, कानातलं यंत्र असेल तर आधी सांगावं. तांबी बसवलेली असेल तर तेही सांगावं. तिच्यामुळे सहसा तपासणी अडत नाही. बरोबर आलेल्या नातेवाइकांनाही हाच नियम. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबतचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला आणि चुंबकाने त्याच्यासकट सिलिंडर ओढून घेतलं. त्यात त्याचा जीव गेला. रुग्ण आत नसतानाही ते चुंबकत्व चालूच असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता एमआरआय कुठून आणायचा, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. यंत्र जिल्ह्याच्या गावी, तंत्रज्ञ घरी, अहवाल लिहिणारा दुसऱ्या शहरात, आणि खर्च काही हजारांचा. म्हणूनच एक मर्यादा सगळ्यांनी पाळायला हवी. मुलीची लक्षणं आणि सोनोग्राफी दोन्ही टॉर्शनकडे बोट दाखवत असतील, तर एमआरआयची वाट पाहू नये. सरळ दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी. टॉर्शनचं पक्कं निदान शेवटी डोळ्यांनी पाहिल्यावरच होतं. संशय आहे पण सोनोग्राफी काहीच ठामपणे सांगत नाही, यंत्र जवळ आहे आणि तासाभरात चित्रं मिळणार आहेत, तिथे एमआरआय करावा. जिथे तो मिळवण्यात रात्र जाणार आहे, तिथे त्या रात्रीची किंमत अंडाशय मोजतं.

अंडाशय काळंनिळं दिसलं की ते काढून टाकायचं, अशी जुन्या सर्जनांची रीत होती. पीळ सोडवला तर साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या शरीरभर जातील, ही त्यामागची भीती. ती खरी ठरली नाही. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये १०२ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची काळीनिळी पडलेली अंडाशयं न काढता फक्त पीळ सोडवला होता. पुढच्या तपासणीत ९० टक्क्यांहून अधिक जणींच्या त्या अंडाशयात पुन्हा बीजपुटिका वाढताना दिसल्या. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी हीच शिफारस केली: अंडाशय दिसायला कसंही असो, पीळ सोडवा आणि ते राखा. एमआरआयमध्ये ‘अंडाशयाचा रक्तपुरवठा बंद दिसतो’ असं लिहून आलं, तरी तो अंडाशय काढून टाकण्याचा हुकूम समजू नये, अहवाल त्यासाठी लिहिलेला नसतो.

तेव्हा अशी वेळ घरात आलीच, आणि शस्त्रक्रियेआधी संमतीचा कागद पुढे आला, तर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं स्पष्ट विचारा: ‘पीळ सोडवून अंडाशय ठेवणार आहात ना? आणि ते काढायची वेळ आली, तर नेमकी कशामुळे?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाला आणि तिच्या आईवडिलांना आहे. तो विचारायला संकोच करू नका.